काचचित्रं: गळतीचं मूळ काळ्या रेघेत

मुलांसोबतची ही काचचित्रं खऱ्या काचेची नाहीत: ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकच्या पानावर) काळा रंग मिसळलेल्या पांढऱ्या गोंदाने रेघा ओढायच्या, त्या वाळल्या की मधल्या खणांत रंगीत गोंदाचं भरण करायचं. त्यातली रंगाची गळती अखेर थांबली. मागच्या नोंदीत इथेच घोडं अडलं होतं: निळा खण भरला की थोड्याच वेळात शेजारच्या पिवळ्याला हिरवी कड. दोष भरणात नव्हता, काळ्या रेघेत होता.

ओएचपी शीट उलटी करून रेघ मागून बघा. वरून ती काळीभोर, कोरडी, बोटाला न चिकटणारी. मागून मात्र मधोमध राखाडी शीर दिसते. पांढरा गोंद ओला असताना दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो. म्हणजे राखाडी दिसतंय तिथे अजून ओल आहे. खालच्या प्लास्टिकमधून पाणी जात नाही, रेघ वाळते ती फक्त वरून आणि कडेने. वर साय धरली की आतलं पाणी कोंडतं. अशात खण भरला तर भरणातल्या पाण्याने रेघेची कड पुन्हा मऊ पडते आणि रंग खालून पलीकडे जातो. हेअर ड्रायरने साय उलट लवकर धरते, तेव्हा तो लांबच ठेवा.

म्हणून जाड रेघेचा हट्ट सोडायचा. 4 भाग गोंदाला 1 भाग काळा अ‍ॅक्रिलिक रंग, 2 मिमी रुंद रेघ, किमान 24 तास वाळवण, मग मागून तपासणी. राखाडी शीर पूर्ण गेल्याशिवाय मुलांच्या हाती ड्रॉपर द्यायचा नाही. बाटलीतला पातळ अ‍ॅक्रिलिक याहून जास्त घातला तर रेघ पसरते. गोंदही बघून घ्या: कपड्यावरून धुऊन निघणारा शाळेचा गोंद रेघेला कुचकामी, कारण पाण्यात सुटावा म्हणूनच तो बनवलेला असतो. लाकूडकामाचा, पाण्याला टिकणारा पांढरा गोंद रेघेसाठी. शाळेचा भरणासाठी चालेल. तयार थ्रीडी आउटलायनर (उठावदार रेघेच्या रंगाची ट्यूब) रेघ छान देतो, पण ती ट्यूब दाबताना लहान हात थकतात आणि नोझल सारखं तुंबतं.

दुसरी चोरवाट म्हणजे रेघांचे सांधे. गोंद वाळताना आकसतो आणि तीन रेघा मिळतात तिथे टाचणीच्या टोकाएवढी फट राहते. शीट उजेडासमोर धरली की ती लख्ख चमकते. तेवढ्याच जागी टूथपिकने थेंब द्यायचा आणि पुन्हा वाळू द्यायचं. मुलांना ही 'भोकं शोधा' तपासणी रंग भरण्याइतकीच आवडते!

भरण: 1 टेबलस्पून गोंद, 3-4 थेंब खाण्याचा रंग. बुडबुड्यांवर साबणाचा थेंब सुचवला जातो, पण त्याने पृष्ठताण कमी होतो आणि रंग बारीक फटीतही घुसतो. त्यापेक्षा मिश्रण न घुसळता सावकाश ढवळा, तासभर ठेवा, उरलेले बुडबुडे सुईने फोडा. एकाआड एक खण भरा, शेजारचे दुसऱ्या दिवशी. टेबल सपाट हवं, नाहीतर सगळा रंग एका कोपऱ्यात गोळा होतो. खाण्याचे रंग उन्हात उडतात. चित्र टिकवायचं असेल तर अ‍ॅक्रिलिक शाई घ्या.

रेघ ओढताना नोझल शीटला टेकवायचं नाही. साधारण 5 मिमी वर धरून धार खाली पडू द्यायची. टेकवलं की सुरुवातीलाच गोळा होतो. आधी रद्दी कागदावर सराव. सहा वर्षांखालच्यांसाठी रेघ मोठ्यांनी ओढावी.

शीटबद्दल: इंकजेटची लेप असलेली बाजू पाणी पिऊन चिकट होते. लेप नसलेली साधीच घ्या.

पुढचा बेत पतंगाच्या कागदाचा होता, तो तूर्त मागे. त्याऐवजी सोलून काढायचं चित्र. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या फाइल कव्हरवर हा गोंद नीट धरत नाही, ही एरवीची अडचण इथे कामाची आहे: त्यावरच चित्र करायचं, वाळलं की अख्खं सोलून काचेला लावायचं. पातळ झालं तर सोलताना फाटतं, म्हणून वाळल्यावर 1 मिमी जाडी उरेल असं दोन थरांत भरायचं. कोपऱ्यापासून सावकाश सोला. आतून बाष्प धरणारी खिडकी मात्र टाळा. ओलीने गोंद पांढरट पडतो आणि चित्र घसरतं.