आमची वाटचाल : दोन धंदे, चार डबे

आमच्या मशीन शॉपमध्ये विमानाच्या रिब (पंखाच्या सांगाड्याच्या फासळ्या) आणि ब्रॅकेट होतात, तसे इमारतींच्या काचभिंतींचे क्लीटही (जोडपट्ट्या). धातू दोन्हीकडे ॲल्युमिनियमच. पण मिश्रधातू वेगळे : विमानाला 7075 आणि 2024, इमारतीला 6063.

कंपनी कायद्याच्या कलम 135 ची सीएसआरची (सामाजिक कामावर खर्च करण्याची) सक्ती आमच्यासारख्यांना नाही. त्यासाठी 5 कोटी नफा, 1000 कोटी उलाढाल किंवा 500 कोटी नक्त मालमत्ता लागते. पण शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या मोठ्या ग्राहकांना सेबीचा बीआरएसआर (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा) अहवाल भरावा लागतो, म्हणून प्रश्नावली आमच्याकडेही येते. तिची निम्मी उत्तरं चिप्सच्या, म्हणजे मशीनवर कापताना निघणाऱ्या धातूच्या किसाच्या, डब्यात असतात.

रिबसारख्या भागात घेतलेल्या प्लेटचा मोठा हिस्सा चिप्स होऊन पडतो. भंगार वितळवायला नव्या ॲल्युमिनियमच्या सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते, पण चिप्स मिसळल्या तर तो फायदा बराचसा जातो. 6063 मध्ये जस्त 0.10 टक्क्यापर्यंतच चालतं आणि 7075 मध्ये ते साडेपाच टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे एका टनात 18 किलो 7075 गेलं की मर्यादा संपली. तो माल मग स्वस्त कास्टिंगला जातो.

म्हणून डबे चार : तीन मिश्रधातूंचे आणि चौथा लाल, शंकेचा. मटेरियल बदललं की चिप्सचा कन्व्हेयर आणि कूलंटच्या (कापताना गारवा देणाऱ्या द्रवाच्या) टाकीचा तळ साफ. तळातला गाळ लाल डब्यातच. तुकड्याची शंका आली तर घासलेल्या जागेवर 20 टक्के कॉस्टिक सोड्याचा थेंब टाकून चार-पाच मिनिटांनी धुवायचा. 2024 आणि 7075 वर काळा डाग पडतो, 6063 पांढरं राहतं. गॉगल आणि हातमोजे हवेतच. डाग बघून 2024 आणि 7075 मधला फरक मात्र कळत नाही. त्याला एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारं हातातलं यंत्र) लागते.

चिप्स सेंट्रिफ्यूजमधून कोरड्या करूनच देतो. ओल्या चिप्स भट्टीत वितळलेल्या धातूखाली गेल्या तर पाण्याची एकदम वाफ होऊन धातू उडतो. निथळलेलं कूलंट गाळून परत टाकीत. रिफ्रॅक्टोमीटरवर तीव्रता 6 ते 8 टक्के (रीडिंगला कूलंटचा फॅक्टर लावून), पीएच 8.5 च्या खाली नाही. सोमवारी सकाळी टाकीला वास आला तर समजायचं, सुट्टीत वर तरंगणाऱ्या तेलाखाली जंतू वाढले. शनिवारी तेल काढून, पंप थोडा वेळ फिरवला की टाकी जास्त टिकते. खराब कूलंट घातक कचरा : 90 दिवसांच्या आत, फॉर्म 10 च्या मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या नोंदपत्रासह), अधिकृत केंद्राकडे. ते गटारात सोडणारे शेजारी आहेत; आमचा दर त्यांच्यापेक्षा चढा दिसतो, त्याचं हे एक कारण.

विषारी क्रोमचं (हेक्साव्हॅलंट क्रोमियमचं) कोडं अजून सुटलेलं नाही. इमारतीच्या मालावर पावडर कोटिंगआधी क्रोमऐवजी झिर्कोनियमची प्रक्रिया चालते. विमानाच्या ड्रॉइंगवर मात्र क्रोमिक ॲसिड ॲनोडायझिंग (गंज रोखणारा ऑक्साइडचा थर देणं) लिहिलेलं असेल, तर ग्राहकाच्या मंजुरीशिवाय ते बदलता येत नाही. ते काम बाहेरच्या मंजूर प्लेटरकडे जातं, आणि प्रश्नावलीत आम्ही तसंच लिहितो.