बेरीची झुडपं: माती आधी, कात्री नंतर, खत सगळ्यात शेवटी

बेरीचं रोप घरी आलं की पहिला प्रश्न हमखास खताचा असतो. खरं तर ब्लूबेरी जाते ती मातीच्या सामूपायी (सामू म्हणजे पीएच; आकडा जितका कमी तितकी माती जास्त आम्ल) आणि रास्पबेरी जाते ती मुळाशी साचलेल्या पाण्यापायी. ब्लॅकबेरी सहसा मरत नाही, पण चुकीची काडी कापली तर त्या वर्षीचं फळ गेलंच म्हणून समजा.

रोप निवडतानाच एक गोष्ट विचारून घ्यावी: या जातीला थंडीचे किती तास लागतात? तापमान साधारण ७ अंशांच्या खाली राहिलेले तास यात मोजतात. थंड प्रदेशातल्या ब्लूबेरीच्या जातींना असे ८०० ते १००० तास लागतात, तर उबदार हवेसाठी तयार केलेल्या जातींचं काम १५० ते ४०० तासांत भागतं. हे जुळलं नाही तर झुडूप हिरवंगार राहतं, पण फुलं तुरळक आणि मागेपुढे येतात. अशा झाडाला कितीही खत घाला, फुलं वाढत नाहीत.

ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ सामूची माती हवी. तिला आम्लधर्मी जमीन लागते हे फ्रेडरिक कोव्हिल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० साली प्रयोगांनिशी मांडलं. त्याआधी चांगल्या कसदार बागेत लावूनही ती का खंगते, हे कोणाला उमगत नव्हतं. सामू वर गेला की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोहाची फवारणी केली की पानं काही दिवस सुधारतात, पण मातीचा सामू जागचा हलत नाही.

लागवडीआधी कोरड्या मातीवर थोडं व्हिनेगर टाकून पाहा. फसफसलं तर मातीत मोकळा चुना आहे. अशा जमिनीत गंधक ओतत बसू नका, सरळ मोठ्या कुंडीत लावा. चुना नसेल तर बारीक गंधक मातीत मिसळून सामू उतरवता येतो. एक अंक खाली आणायला वाळूमय मातीत दर चौरस मीटरला साधारण ५० ग्रॅम, मध्यम मातीत १०० ग्रॅमच्या आसपास आणि चिकण मातीत त्याहून जास्त गंधक लागतं. त्याचं आम्ल मातीतले जिवाणू करतात, म्हणून माती उबदार आणि ओलसर हवी आणि हाताशी निदान तीन-चार महिने हवेत. लागवडीच्या दिवशीच गंधक घालून उपयोग नाही.

कुंडीसाठी पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि पाइनच्या सालीचा बारीक चुरा प्रत्येकी दोन भाग आणि परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) एक भाग, हे मिश्रण चालतं. नुसत्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) विसंबू नये. ते पुरेसं आम्ल नसतं आणि न धुता वापरलं तर त्यातले क्षार मुळं जाळतात. रोप लहान असताना १० ते १५ लिटरची कुंडी पुरते, मोठं झालं की ४० लिटर किंवा त्याहून मोठी लागते. नर्सरीतल्या रोपाचा पीटचा गोळा एकदा वाळला की पाणी आत न शिरता कडेने निघून जातं. वरून माती ओली दिसते आणि आत रोप तहानलेलं! म्हणून लावण्याआधी गोळा बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, बाहेरची गुंडाळलेली मुळं बोटांनी मोकळी करा आणि रोप आधी जितकं खोल होतं तितकंच ठेवा.

इतकं करूनही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पानं पिवळी पडतात, तेव्हा दोष बहुधा पाण्याचा असतो. जड पाण्यातले बायकार्बोनेट दर पाण्याबरोबर सामू वर ढकलतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. नाहीतर १० लिटर पाण्यात १ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिडपासून सुरुवात करावी आणि सामू मोजायच्या कागदी पट्टीवर तो ५.५च्या आसपास दिसेपर्यंत थोडंथोडं वाढवावं. ब्लूबेरीची मुळं उथळ असतात आणि त्यांना मूलरोम (पाणी शोषणारे मुळांवरचे बारीक केस) नसतात, त्यामुळे ८ ते १० सेंटिमीटर जाड सालीचं किंवा लाकडाच्या भुशाचं आच्छादन हवंच. ते खोडाला टेकू देऊ नका.

खताचं म्हणाल तर अमोनियम सल्फेट. जमिनीतल्या लहान झाडाला पहिल्या वर्षी एकूण ३० ग्रॅम, दोन-तीन हप्त्यांत, खोडापासून दूर पसरून. कुंडीत एका वेळी ५ ग्रॅमच्या वर नको. राख, चुना आणि ताजं कोंबडीखत यांना इथे मज्जाव. पहिल्या वर्षीची फुलं खुडून टाकावीत. जीवावर येतं, पण मुळं त्यामुळेच धरतात. शेजारी दुसऱ्या जातीचं, एकाच वेळी फुलणारं झुडूप असलं की फळ मोठं होतं.

रास्पबेरी आणि ब्लॅकबेरी सामूबाबत सोशिक आहेत, निचऱ्याबाबत मुळीच नाहीत. ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरला की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी उभं असेल तर फूटभर उंच वाफा केल्याशिवाय लावू नका, मूळकूज होते. टोमॅटो, बटाटा, वांगी होती ती जागाही टाळा. त्यांची मर रोगाची बुरशी मातीत बरीच वर्षं टिकते.

छाटणीत गोंधळ होतो तो काडीच्या वयावरून. मूळ वर्षानुवर्षं जगतं, काडी मात्र दोनच वर्षं. पहिल्या वर्षी ती हिरवी वाढते, दुसऱ्या वर्षी तपकिरी होऊन फळते आणि वाळते. म्हणून फळून झालेली काडी जमिनीलगत कापायची आणि हिरवीला हात लावायचा नाही. काही रास्पबेरी पहिल्याच वर्षी शेंड्याकडे फळतात. त्यांच्या सगळ्या काड्या झाडाची वाढ थांबलेली असते त्या विश्रांतीच्या काळात जमिनीलगत कापल्या तरी चालतं. कोणती जात आहे हे माहीत नसेल तर एक वर्ष कात्री बाजूला ठेवून नुसतं निरीक्षण करा. रास्पबेरीच्या ओळीत मीटरमागे १० ते १२ जोमदार काड्या पुरे. ताठ वाढणाऱ्या ब्लॅकबेरीची हिरवी काडी १ ते १.२ मीटरची झाली की शेंडा खुडावा, बाजूच्या फांद्या फुटतात आणि फळ त्यांवर येतं. ब्लूबेरीचं तंत्र वेगळं: चौथ्या वर्षापासून दरवर्षी सगळ्यात जुनी एक-दोन खोडं बुडातून काढायची.

तोडणीची घाई नको. ब्लूबेरी निळी झाल्यावरही चार-पाच दिवस थांबावं. देठाजवळ लालसर कडी दिसते तोवर ती आंबटच लागते. चकचकीत काळी ब्लॅकबेरी कच्ची असते, चमक उतरली की तोडावी. पिकलेली रास्पबेरी नुसत्या स्पर्शाने दांड्यावरून सुटते. मात्र पिकलेलं फळ झाडावर ठेवू नका. ठिपकेदार पंखांची फळमाशी पिकू लागलेल्या फळाची साल कापून आत अंडी घालते, म्हणून एक-दोन दिवसांआड तोडून फळं लगेच फ्रिजमध्ये टाकावीत. पक्ष्यांसाठी जाळी लागतेच. ती चौकटीवर ताणून बसवा, आणि फळधारणा झाल्यावरच, नाहीतर मधमाश्यांची वाट बंद होते.