रंग काढणे

मराठीत घराला रंग काढतात आणि फरशीवरचाही रंग काढतात. पहिलं काम रंगाऱ्यांनी सहा दिवसांत उरकलं. दुसरं मी अजून करतेय.

निघताना त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, "ताई, ओल्या फडक्यानं पुसा, सगळं निघतंय." टाइलवरचं निघालंही. वाळलेला थेंब नखानं उचकटला की टिकलीसारखा अख्खा सुटून येतो, आणि खरं सांगायचं तर त्यात मजाही येते. पण दोन टाइलांमधल्या फटीत रंग उतरला की संपलं. टाइल गुळगुळीत, ती काही पोटात घेत नाही. फट सिमेंटची, बारीक छिद्रांची. चहात पाव बुडवावा तशी रंग पिऊन बसते. त्यात थेंब ओला असतानाच कुणीतरी घाईघाईनं फडकं फिरवलेलं, म्हणजे टाइलवरचा रंग गोळा करून फटीत भरलाच की! बेडरूमची एक भिंत मोरपंखी निळी करायची हौस माझीच. आता भिंतीलगतच्या मळकट फटीत कुणी मुद्दाम रेघ ओढावी तसा तो निळा बसला होता.

"अ‍ॅसिड टाक थोडं," सासूबाई म्हणाल्या. "बाथरूमला वापरतो तेच."

कोपऱ्यात झाकणभर ओतलं. फस्सकन फेस आला. "बघ, मळ कसा निघतोय!" मलाही तसंच वाटलं. पाणी मारून बोट फिरवलं तर बोटाला वाळू लागली. तो फेस मळाचा नव्हताच, अ‍ॅसिड सिमेंटमधला चुना खात होतं. फट खाली गेली आणि निळा जागचा हलला नाही.

मग हार्डवेअरवाल्याकडे गेले. त्यानं डॉक्टरसारखा एकच प्रश्न विचारला, "प्लास्टिक आहे की ऑइल?" दारा-खिडक्यांचा ऑइलपेंट असेल तर टर्पेंटाइन. भिंतीचा प्लास्टिक पेंट पाण्यात कालवलेला असला तरी एकदा वाळला की साध्या पाण्याला दाद देत नाही. त्याला गरम साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास घालून ठेवायचं, म्हणजे तो फुगतो, मऊ पडतो. मग आइस्क्रीमच्या काडीनं उकरायचा, जुन्या टूथब्रशनं घासायचा. तरीही डाग उरलाच तर बारीक पॉलिशपेपर दुमडून त्याच्या घडीची कड हलक्या हातानं फटीतून ओढायची.

दोन फुटांच्या एका टाइलीची फट, चाळीस मिनिटं. अशा सहा. गुडघ्याखाली उशी घेऊन मी रोज दुपारी एक करायची.

सहावी संपवून उठले, लांबून पाहिलं आणि चरकलेच. भिंतीकडेनं बारा फूट पांढरीशुभ्र रेघ. चौदा वर्षं मी आमच्या फटी करड्या समजत होते. "छे, पांढरंच भरलं होतं गं तेव्हा," सासूबाई म्हणाल्या. म्हणजे तो करडा रंग आमच्या रोजच्या फरशी पुसण्याचा.

त्या चष्मा लावून दारातच उभ्या राहिल्या. उजवीकडून डावीकडे नजर फिरवली. "आता बाकीच्याही करून टाक. एवढीच एक बरी नाही दिसत."

माझ्या ब्रशचे केस आडवे झाले होते. नवऱ्याचा अजून बरा होता.