दहा मायक्रोलिटर प्लाझ्मा आणि नवतप्यातला घाम

नवतपा लागलेला, नागपूरचा पारा 45 वर, त्यात दुपारी एकला वीज गेली. जनरेटरवर फ्रीज, सेंट्रिफ्यूज आणि जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर एवढंच चालतं. मोठं मशीन बंद, म्हणून लॅक्टेट, म्हणजे गंभीर आजारात रक्तात वाढणारं लॅक्टिक आम्ल, हाताने मोजायला घेतलं.

1 मिली रिएजंट: पीएच साधारण 9 चा ग्लायसिन-हायड्राझिन बफर, एलडीएच हे एन्झाइम आणि एनएडी हा त्याचा जोडीदार रेणू, जो अभिक्रियेत एनएडीएच होतो. त्यात 10 मायक्रोलिटर प्लाझ्मा, 37 अंशांवर 20 मिनिटं, मग 340 नॅनोमीटरला वाचन. लॅक्टेटचं पायरुवेट होतं, ते हायड्राझिन धरून ठेवतं, म्हणून अभिक्रिया मागे फिरत नाही. जेवढं लॅक्टेट तेवढं एनएडीएच, आणि 340 ला प्रकाश शोषतं ते तेच. पण 1 सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये (वाचनाची काचेसारखी पारदर्शक नळी) प्लाझ्मातल्या लिटरमागे 1 मिलिमोल लॅक्टेटला शोषण मिळतं जेमतेम 0.06. सगळा खेळ दुसऱ्या दशांशाचा.

चार रिपोर्ट गेले. पाचवा नमुना दोनदा लावला, त्या जोडीत एक वाचन 0.091, दुसरं 0.168. म्हणजे 1.5 आणि 2.7 मिलिमोल.

आमच्याकडे पहिला संशय नेहमी वॉर्डवर, आणि तो बहुधा खराही ठरतो. फ्लोराइडची ग्रे टोपीची ट्यूब सोडून साध्या ट्यूबमध्ये रक्त येतं, तासभर खिडकीत पडतं आणि तांबड्या पेशी साखर खाऊन लॅक्टेट करत बसतात. पण ट्यूबचा दोष असता तर दोन्ही आकडे सारखेच चढले असते. मग मशीनचा दिवा? तीच क्युव्हेट दहा वेळा वाचली, तिसऱ्या दशांशातच हलली. फ्रीजमधून थेट आलेल्या रिएजंटने क्युव्हेट कूलरच्या दमट हवेत धुरकटते, म्हणून बाहेरून पुसूनही पाहिली. फरक नाही.

शेवटी प्लाझ्माऐवजी पाणी घालून पाच ब्लँक लावले. तीन शून्याच्या आसपास, एक 0.04, एक 0.07.

टिपांचा, म्हणजे पिपेटला लावायच्या प्लास्टिकच्या टोकांचा, डबा दुपारी नव्याने भरला होता. उघड्या हातांनी, टोकाकडून धरून. "हात तर धुतले होते ना जी," भरणारा पोरगा म्हणाला. ग्लोव्ह्ज घामाने चिकटतात म्हणून काढलेले. आता घामात लॅक्टेट 10-15 मिलिमोल सहज असतं. 1 मायक्रोलिटर घाम म्हणजे निरोगी माणसाचा जवळपास 10 मायक्रोलिटर प्लाझ्माच. पोराला काय बोलणार! टिपा कशा भरायच्या हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. सकाळचा कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला तपासणी-नमुना, सीलबंद डब्यातल्या टिपांनी लावलेला, तो बिचारा चोख बसला.

सीलबंद डबा फोडून पुन्हा लावलं. पाचव्याचे दोन्ही 1.5. आधी गेलेल्या चारांपैकी दोन 2 च्या खाली, म्हणजे नॉर्मलमध्ये, उतरले; एक 4.3 चा 4.2 झाला, तो खरा आजारी. चौथ्याचा प्लाझ्मा इतर तपासण्यांतच संपलेला, रिपोर्टवर 2.8. वॉर्डला फोन करून नवा नमुना मागितला, तोवर सलाईनची दुसरी बाटली चढली होती. सहाला आलेल्या नमुन्यात 1.3 निघालं. त्यावरून दुपारी किती होतं, ते काही काढता येत नाही.