खोड घेऊन चालताना

वारीचं नाव काढलं की लोक रिंगणाबद्दल विचारतात. तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला माउलींचा अश्व दौडत गेला की अंगावर काटा येतो, हे खरंच. पण तो काटा संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. टिकतो तो नेम, आणि त्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

पहाटे तीनच्या सुमारास उठायचं, टँकरपाशी बादली घेऊन रांगेत उभं राहायचं, अंघोळ उरकून ओला तंबू गुंडाळून ट्रकमध्ये टाकायचा आणि दिंडीत जागेवर यायचं. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे. ज्याचा त्याचा क्रम ठरलेला. पायांत कितीही जोर असला तरी पुढच्याला ओलांडायचं नाही. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास घालून दिली असं सांगतात. सरदारकीत वावरलेला माणूस, त्यामुळे सोहळ्याला लष्करी वळण आलं असावं.

पुण्याहून सासवडचा टप्पा सर्वांत मोठा, त्यात दिवे घाट. घाट चढताना दम लागतो, पण राग येत नाही. राग येतो तो टँकरपाशी. आपली पाळी आली की कुणीतरी मधूनच हंडा घुसवतो आणि वर हसून म्हणतो, "माउली, जरा घेतो हं!" तेव्हा जिभेवर काय काय येतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्या दिंडीतले विणेकरी बुवा दर वर्षी निघताना सोडायची म्हणून एक खोड ठरवून घेतात. एकच. एका वर्षी तंबाखू घेतली, एका वर्षी शिव्या. सगळ्यात चिवट निघालं ते बांधावरून भावाशी धरलेलं वैर. पहिल्या वारीला एवढंच ठरवलं की पारावर त्याची निंदा करायची नाही. पुढच्या वर्षी समोर आला की रामराम घालायचा. त्यानंतर त्याच्या पोराच्या लग्नाला जायचं. बांधाचा तिढा तसाच आहे, मोजणी अजून व्हायचीय; पण भाऊ आता आमच्याच दिंडीत टाळ धरून उभा असतो. हे सांगताना बुवांच्या आवाजात मोठेपणा नव्हता. वीणा खाली टेकवायची नसते, म्हणून ती दुसऱ्याच्या गळ्यात देता देता त्यांनी हे सगळं सांगून टाकलं.

मी घेतलेली खोड म्हणजे उलट बोलणं. समोरच्याचं वाक्य पुरतं संपू द्यायचं, मग तोंड उघडायचं. ऐकायला सोपं आहे. बुवांनी उपायही सांगितला होता: "नाम आलं तर घे. नाही आलं तर निदान गप्प बस." वाल्ह्यापर्यंत मला गप्प बसणंच जमत होतं, नाम नाही. नीरेच्या स्नानानंतर कधीमधी नामही येऊ लागलं.

मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. चोपदारांनी दंड उंचावला की एवढा टाळांचा गजर क्षणात थांबतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार जाऊन ऐकून घेतात. मग सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. तक्रारीला अशी जागा आणि वेळ नेमून दिली, तर दिवसभर धुसफुसत चालायचं कारणच उरत नाही, हे मला तिथं कळलं. घरी आम्ही रात्रीच्या जेवणानंतरची वेळ त्यासाठी ठेवली आहे.

पंढरीहून मन शुद्ध होऊन आलो, असं म्हणणाऱ्यांचा मला जरा संशयच येतो. रांगेतली शिस्त रांग आहे तोवर. पुढचे अकरा महिने हाकायला चोपदार नसतात. रोजचा हरिपाठ तेवढा धरून ठेवलाय.

यंदा नवी कोणती खोड घेऊ, असं बुवांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "आधी जुनी सुटली का ते घरात विचार." बायको म्हणाली, अर्धी सुटलीय. मग यंदाही तीच घेऊन निघतोय.