दीड सीझनची लीग

हाफटाइमला आपलाच खेळाडू समोरच्या टीमला विकून टाकला, असं कधी ऐकलंय? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच संताप आला होता. ग्रेडी मॅकॉलम नावाचा बास्केटबॉल खेळाडू, पहिल्या हाफमध्ये क्लीव्हलँड पायपर्सचा होता आणि हाफटाइमला मालकाने त्याला हवाई चीफ्सला विकला, म्हणजे ज्यांच्याशी मॅच चालू होती त्यांनाच! मालक कोण, तर जॉर्ज स्टाइनब्रेनर, जो पुढे न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल टीमचा मालक म्हणून गाजला.

ही लीग म्हणजे अमेरिकन बास्केटबॉल लीग, एबीएल, सुरू झाली १९६१ मध्ये. (या नावाच्या आधी आणि नंतरही लीग होत्या, त्या वेगळ्या.) ती काढली एब सेपरस्टाइनने, हार्लेम ग्लोबट्रॉटर्सवाला, म्हणजे बास्केटबॉलच्या करामती दाखवत फिरणाऱ्या टीमचा मालक. एनबीएला, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य बास्केटबॉल लीगला, प्रेक्षक मिळत नव्हते तेव्हा त्याच्या ग्लोबट्रॉटर्सची मॅच जोडीला ठेवून हॉल भरायचे, त्यामुळे लॉस एंजेलिसची टीम आपल्यालाच मिळणार असं तो धरून चालला होता, पण १९६० मध्ये मिनियापोलिसचे लेकर्स तिकडे गेले आणि हा हात चोळत बसला. मग म्हणाला, ठीक आहे, माझी स्वतःची लीग काढतो. आठ टीम, त्यातली एक थेट हवाईला! आता विचार करा, १९६१ मध्ये प्रत्येक टीमला समुद्र ओलांडून तिथे न्यायचं, तिकिटाचे पैसे कुठून आणायचे? लॉस एंजेलिस जेट्स तर पहिल्या सीझनच्या मध्यातच बंद पडले.

पण याच लीगने थ्री-पॉइंटरची रेषा आणली, म्हणजे जिच्या बाहेरून बास्केट केली की दोनऐवजी तीन पॉइंट मिळतात ती. मी शाळेत असल्यापासून त्या रेषेबाहेरून शॉट मारतोय, शाळेच्या कोर्टवर तर ती अर्धी पुसली गेलेली असायची आणि पाय आत होता की बाहेर यावरून रोज भांडणं. कित्येक वर्षं मला वाटायचं की ती खेळाच्या जन्मापासूनच आहे. तसं नाही. सेपरस्टाइन आणि डीपॉल युनिव्हर्सिटीचे कोच रे मायर टेप घेऊन कोर्टवर उतरले आणि बास्केटपासून २५ फुटांवर रेषा ठरवली, त्यामागे काही मोठं गणित वगैरे नव्हतं. पुढे १९६७ मध्ये एबीए या दुसऱ्याच एका लीगने ती उचलली आणि १९७९ मध्ये एनबीएने. सेपरस्टाइन १९६६ मध्येच गेला, त्याला यातलं काहीच बघायला मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पायपर्सचे कोच होते जॉन मॅक्लेंडन. कॅन्सस युनिव्हर्सिटीत हा माणूस प्रत्यक्ष जेम्स नेस्मिथकडून, म्हणजे ज्याने बास्केटबॉल शोधला त्याच्याकडून शिकला, आणि कृष्णवर्णीय म्हणून त्याला तिथल्या टीममधून खेळू मात्र दिलं नाही. एबीएलमध्ये तो हेड कोच झाला, एवढ्या मोठ्या व्यावसायिक लीगमधला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच. खेळाडूंचे पगार थकायला लागले तेव्हा मालकाशी वाजलं आणि मॅक्लेंडनने सीझनच्या मध्यातच राजीनामा दिला. मग जेट्स बंद पडल्यामुळे मोकळे झालेले त्यांचे कोच बिल शार्मन आले आणि पायपर्सनी कॅन्सस सिटी स्टीअर्सविरुद्ध ०-२ वरून ३-२ अशी फायनल जिंकली. गंमत बघा, पुढच्या सीझनला ही चॅम्पियन टीम लीगमध्येच नव्हती! स्टाइनब्रेनरने ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचा स्टार जेरी लुकसला साइन केलं, एनबीए टीमला आत घ्यायलाही तयार झाली, पण पैसेच उभे राहिले नाहीत. उरलेली लीग ३१ डिसेंबर १९६२ ला अर्ध्या सीझनमध्ये बंद झाली.

मला या लीगबद्दल जे प्रेम आहे ते मात्र कॉनी हॉकिन्समुळे. ब्रुकलिनचा गरीब घरातला पोरगा, आयोवा युनिव्हर्सिटीत पहिल्याच वर्षाला असताना १९६१ च्या मॅच-फिक्सिंग प्रकरणात त्याचं नाव आलं. जॅक मोलिनास नावाच्या फिक्सरकडून त्याने २०० डॉलर उसने घेतले होते, ते भावाने परतही केले होते. त्याच्यावर कधी खटला नाही, आरोपपत्र नाही, तरी कॉलेजने काढलं आणि एनबीएने दार बंद केलं. १८-१९ वर्षांचा मुलगा, आयुष्यभर फक्त बास्केटबॉल येत होतं आणि तेच बंद! त्याला घेतलं ते एबीएलच्या पिट्सबर्ग रेन्सनी, आणि पहिल्याच सीझनला तो मॅचमागे २७.५ पॉइंट काढून लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू झाला.

लीग बुडाल्यावर तो सेपरस्टाइनच्याच ग्लोबट्रॉटर्सबरोबर गावोगाव फिरला, मग एबीएमध्ये १९६८ चा चॅम्पियन आणि परत एमव्हीपी, आणि मधल्या काळात त्याने एनबीएवर केस टाकली. १९६९ मध्ये एनबीएला तडजोड करावी लागली, दहा लाख डॉलरच्या वर पैसे द्यावे लागले आणि बंदीही उठवावी लागली. फिनिक्स सन्सकडून पहिली एनबीए मॅच खेळला तेव्हा तो २७ वर्षांचा होता, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन गेलेलं, आणि तरीही त्या सीझनच्या ऑल-एनबीए पहिल्या पाचात, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत, त्याचं नाव होतं.