स्वीपिंगनंतरचे माझे पाच दिवस

बाळंतपणाची तारीख उलटून तीन दिवस झाले होते. मे महिना, सोलापूरचं ऊन, सकाळी दहालाच रस्ता तापलेला. आईला घेऊन रिक्षाने दवाखान्यात गेले.

"आतून तपासते, पाय सैल सोडा," डॉक्टर म्हणाल्या. मला वाटलं, नेहमीची तपासणी. पण आत गेलेलं बोट गोल फिरायला लागलं आणि असं दुखलं की मी सिस्टरचा हात घट्ट धरला. मिनिटभरच असेल. उठून बसल्यावर कळलं, स्वीपिंग केलं होतं, म्हणजे कळा सुरू व्हाव्यात म्हणून बाळाभोवतीचं आवरण बोटाने सुटं करणं. "गर्भपिशवीचं तोंड थोडं उघडलंय, दोन दिवसांत कळा येतील," एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मला आधी विचारायला हवं होतं. मी हो म्हणालेही असते. पण माझ्या अंगाला हात लावून काय करणार आहेत, ते मला आधी कळायला नको का? त्याचं अजूनही वाईट वाटतं.

दुपारी बाथरूममध्ये गेले तर शेंबडासारखा चिकट स्राव आणि त्यात तपकिरी-लाल रेषा. पायच गळाले. आईने चपला घातल्याच होत्या, तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांची सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून झालेली. त्यांनी मला खाली बसवलं आणि एकेक विचारलं. पॅड भिजलंय का नुसता डाग आहे? पाण्यासारखं काही गेलं का? बाळ हलतंय ना? ताप? पोट मध्ये सैल पडतं की सारखं दगडासारखंच राहतं?

नुसता डाग होता. बाळही नेहमीसारखं हलत होतं. "मग हे व्हायचंच," काकू म्हणाल्या. "तोंडाशी चिकट बुच असतं, ते सुटतंय. पण पाळीसारखं लाल रक्त जायला लागलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर रात्रीचे दोन वाजले तरी दवाखाना गाठायचा. पाणी हिरवट दिसलं तर एक मिनिटही थांबायचं नाही." हे चार शब्द दवाखान्यात कुणी सांगितले असते तर तो अर्धा तास मी रडले नसते.

संध्याकाळी ओटीपोट पाळीसारखं दुखायला लागलं. रात्री कळा. आठ मिनिटांनी, मग वीस, मग बारा. मी मोबाइलवर वेळ लिहीत जागी. कमरेवर कोमट पाणी घेतलं की बरं वाटायचं. पहाटे तीनला सगळं थांबलं आणि मी झोपले. सकाळी उठले ती रडतच, कारण मला बाळ हातात घेऊनच सकाळ उजाडेल असं वाटलेलं. बुधवार गेला, गुरुवार गेला. नातेवाइकांचे फोन मी घेणंच बंद केलं. स्वीपिंग केलं म्हणजे कळा येणारच असं नसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

शुक्रवारी दुसऱ्या डॉक्टर होत्या. त्यांनी आधी खुर्चीत बसवून समजावलं. बाळाभोवतीचं पाण्याचं आवरण पिशवीच्या तोंडाजवळ बोटाने सुटं करायचं. त्याने शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, तोंड मऊ पडतं आणि कळांना चालना मिळते. तोंड अगदी बंद असेल तर बोटच जात नाही. वार (प्लॅसेंटा) तोंडावर असेल तर हे करतच नाहीत. काहींना दोनदा करावं लागतं, काहींना तरीही उपयोग होत नाही. मग ४१ आठवडे उलटल्यावर औषधाने कळा आणायच्या. "करू का? नको असेल तर थांबू. आणि मध्येच थांब म्हणालात तरी थांबेन." मी हो म्हणाले. दुखलं तितकंच, पण या वेळी श्वास सोडत राहिले आणि हात कुणाचा धरावा लागला नाही.

पुन्हा तसाच डाग, तशाच कळा. शनिवारी रात्री आमच्या भागात पाणी आलं. तेव्हा चार-पाच दिवसांनी यायचं, त्यामुळे आई ड्रम भरत होती. मी दारात उभी राहून तिला पाइप देत होते आणि एका कळेला चौकटच धरून राहिले. बोलता येईना. मग पुढची, तशीच. या वेळी कळा लांबत नव्हत्या, जवळ येत होत्या. पाच मिनिटांनी एक, प्रत्येक जवळजवळ मिनिटभर. तासभर हेच चाललं तेव्हा काकूंनीच रिक्षावाल्याला फोन लावला.

रविवारी सकाळी साडेनऊला मुलगी झाली. ड्रमवर झाकणं घालायची राहिली, हे आईला तिला कुशीत घेतल्यावर आठवलं.